घरीच असते

त्या उन्हाळ्यात तलाव मागे मागे सरत गेला. आधी काठावरचे दगड उघडे पडले, मग दगडांखालचा चिखल, मग चिखलात रुतलेल्या मोडक्या होड्यांच्या फळ्या, आणि शेवटी कुणाच्या तरी आजोबांच्या काळात पाण्याखाली गेलेल्या विहिरीची कडासुद्धा वर आली. मासा खोल पाण्यात जाऊन बसला. पहाटे गेलेल्या होड्या ऊन डोक्यावर आलं तरी परतत नव्हत्या. परतल्या की होडीपासून घरापर्यंतची चिखलाची वाट बायकांना टोपल्या डोक्यावर घेऊन तुडवावी लागायची. पाय पोटरीपर्यंत आत जायचा, आणि वर काढला की चप्पल आतच.

सुरीने तर चप्पल घालणंच सोडून दिलं होतं. सुरी हे तिचं काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूने तिला ओट्यावर बसवून हातात सुरी दिली. टोपल्या रिकाम्या होईपर्यंत ती मान वर करीना, तेव्हा शेजारणींनीच हे नाव लावलं आणि ते चिकटलं. तिच्या नवऱ्यालाही वस्तीने एक नाव दिलं होतं, घुम्या. माणूस वाईट नव्हता. पण दहा शब्दांचं काम दोन शब्दांत उरकायचं आणि ते दोनही शक्यतो उद्यावर ढकलायचे, हा त्याचा स्वभाव. घरात तिसरी म्हातारी सासू. तिला कमी ऐकू यायचं, पण हातातली जाळं विणायची सुई डोळे मिटूनही चुकत नसे.

सरकारने ठरवलं की येत्या महिन्यापासून तलावात जाळं टाकायचं नाही, मासा वाढू द्यायचा. बंदी कुणालाच हवी नव्हती, पण मनातून पटत सगळ्यांना होती. एवढीएवढीशी पिल्लं जाळ्यात यायला लागल्यावर काय बोलणार? शिवाय बंदी असेपर्यंत मासेमारीवर पोट असलेल्या प्रत्येकाला धान्य मिळणार होतं. पण हा प्रत्येक म्हणजे कोण, हे सांगणारा कागद मच्छीमार संस्थेच्या भिंतीवर लागला आणि सगळी वस्ती तिथे गोळा झाली.

संस्थेच्या चेअरमनने मोठ्याने वाचायला घेतलं. "या वस्तीत मासेमारीवर काम करणारी माणसं, अकरा."

"अकरा होड्या म्हणायचं असेल," कुणीतरी म्हणालं.

"माणसं. अकरा." चेअरमनने पुढे दरमाणशी उत्पन्नाचा आकडा वाचला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत तोच आकडा वाचला. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे ही वस्ती धान्याला पात्र नव्हती.

मग लांबी बोलली. ही लांबी म्हणजे सुरीची शेजारीण. दाराला डोकं लागेल एवढी उंच. नवरा गेल्यावर त्याची होडी विकायची सोडून तिने स्वतःच वल्हं हातात घेतलं होतं. "अकरा जण, आणि अकराही लखपती! अहो, सांगा तरी कोण कोण आहेत ते. उसनवारीला बरं पडेल."

हसू उसळलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. आकडा कुठून आला हे काही कोडं नव्हतं. मागच्या मोजणीचा माणूस भर सकाळी आला होता. होड्या पाण्यावर होत्या. संस्थेच्या सावलीला जे बसलेले दिसले तेवढे त्याने लिहून नेले. त्यात थकलेले म्हातारे होते, एक तापाने फणफणलेला होता, आणि एक तर चक्क शिंपी होता, पत्ते कुटायला आलेला. माणसांचं हे असं झालं. माशांचं उलटंच. वजनवाला व्यापारी पलीकडच्या दोन्ही काठांची मासळीही याच संस्थेच्या नावावर चढवायचा, कारण मालावर संस्था घेते ती पट्टी इथे कमी. संस्थेला चार पैसे सुटायचे म्हणून चेअरमनही डोळ्यांवर कातडं ओढून बसायचा. तीन काठांचे मासे आणि अकरा माणसं. भागाकार केला की माणूस श्रीमंत निघणारच.

आरडाओरडा झाला, कचेरीत खेपा झाल्या आणि फेरमोजणी मंजूर झाली.

मोजणीवाली आली तो दिवस नेमका चांगल्या मासळीचा निघाला. बंदीच्या आधी हात मारून घ्यावा म्हणून होड्या पार मधल्या डोहापर्यंत गेल्या होत्या. घुम्याची होडी काठोकाठ भरून आली. सुरीने चिखलातून खेपा घातल्या, मानेची शीर ताठ झाली, आणि मग ओट्यावर फळी मांडून ती साफ करायला बसली. खवले काढायचे, पोट चिरायचं, आतडी ओढायची, पाण्यात बुडवायचं, मीठ. पुन्हा पुढचा. कोपरापर्यंत हात खवल्यांनी चमकत होते. मिठाने बोटांच्या जुन्या चिरा पेटल्या होत्या, पण त्याकडे लक्ष द्यायला तिसरा हात हवा होता. पलीकडे सासू जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून फाटलेला भाग विणत होती.

मोजणीवाली तरुण पोरगी होती. बूट हातात, पाय चिखलात, बगलेत टॅब. सुरीने डाव्या हाताने तिच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. पाय धुऊन पोरगी उंबऱ्याशी टेकली आणि घुम्याला विचारू लागली.

"घरात कमावते किती?"

"मी एकटाच."

"आई?"

"म्हातारी झाली. बसून असते."

"आणि या?"

घुम्याने बायकोकडे पाहिलं नाही. होडीकडे पाहिलं. "ती घरीच असते."

पोरगीने मात्र पाहिलं. सुरीचे हात, फळी, टोपल्या, पालथी घातलेली मिठाची गोणी. "म्हणजे काही काम वगैरे?"

"काही नाही. घरचंच."

पोरगीचं बोट टॅबवर जरा अडखळलं आणि मग तिने दाबून टाकलं. गृहिणी.

सुरीचं पातं एका माशाच्या पोटात अर्ध्यावर थांबलं. ते तिने बाहेर काढलं, फडक्याला पुसलं, फळीवर ठेवलं. उठली, बादलीत हात धुतले, सावकाश, एकेक बोट धुतलं. बोटांतली आग पहिल्यांदाच तिला नीट जाणवली.

"लिहिलंत का, ताई?"

"हो."

"मग बरोबर लिहिलंत. काही करत नाही. उगाच तुमच्या हातून खोटं लिहिलं जायला नको." एवढं बोलून ती आत गेली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

मोजणीवाली खाली मान घालून पुढच्या घराकडे गेली. टोपल्या उन्हात. माश्या घोंगावू लागल्या. घुम्या दारात आला.

"अगं, टोपल्या तशाच राहिल्यात."

"मी घरीच असते. टोपल्या बाहेर आहेत."

"वेड लागलंय का? कुजतील त्या!"

ती काही बोलली नाही. त्याचीच तऱ्हा तिने त्याला दाखवली.

इतक्या वेळात सासूच्या लक्षात आलं की फळीवर चालणाऱ्या सुरीचा आवाज बंद झालाय. ती ओरडली, "काय गं, उठलीस का? रागाला ऊन लागत नाही बाई, मासळीला लागतं. चल, बस कामाला."

"आत्याबाई, तुम्ही बसून असता असं सांगितलं त्यांनी."

"काय सांगितलं?"

"बसून असता! काही करत नाही!" सुरीने आवाज चढवला. तो अर्ध्या वस्तीने ऐकला.

म्हातारीने लेकाकडे पाहिलं. मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं, जिथे सुतळीने वर्षानुवर्षं घासून खाच पडली होती. तिने वाकून गाठ सोडली. जाळं बाजूला लोटलं. "असं का? मग मी आता आडवी होते. बसून बसून फार दमले बाई."

आणि ती खरोखरच आडवी झाली.

दुपारी नळावर लांबी भेटली ती आधीच पेटलेली. "मला काय लिहिलंय ठाऊक आहे? निराधार! मी वल्हं मारते, जाळं टाकते, सासऱ्याला आणि तीन पोरांना खाऊ घालते, आणि मला म्हणे कुणाचा आधार नाही. अगं, त्या घराला आधार कुणाचाय? भिंतीचा?" सुरीने आपल्या ओट्यावर काय झालं ते सांगितलं. हंडे भरून वाहू लागले तरी कुणाचं लक्ष जाईना. मग प्रत्येकीने आपापलं सांगितलं. जिचा नवरा दारू पिऊन पडलेला असतो त्या घरातही कमावता तो, आणि घरी असते ती. कुणी कुणाला शपथ घातली नाही की काही ठरवलं नाही. पण संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या बहुतेक ओट्यांवरच्या फळ्या धुऊन भिंतीला उभ्या राहिल्या होत्या. बहुतेक म्हणायचं कारण एकदोघी घाबरल्या. एकीने दार लावून आत चोरून मासे साफ केले. वासावरून सगळ्यांना कळलं. पण तिच्या नवऱ्याचा हात किती लवकर उठतो हेही सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिला कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी होड्या लागल्या तेव्हा काठावर टोपली घ्यायला कुणीच नव्हतं. पुरुषांनी हाका मारल्या. मग शिव्या घातल्या. मग स्वतःच टोपल्या उचलल्या. डोक्यावर चुंबळ कशी ठेवायची इथूनच सुरुवात. एकजण चिखलात टोपलीसकट आडवा झाला आणि मासे पुन्हा तलावाच्या दिशेने वळवळायला लागले. ओट्यांवर सुऱ्या निघाल्या. तलावाचा मासा दिसायला गरीब, पण पोटात हिरवं पित्त घेऊन फिरतो. पातं जरा खोल गेलं की पित्त फुटतं आणि अख्खा मासा कडू. त्या दिवशी वस्तीत पित्त फुटलं नाही असं घर नव्हतं.

वजनवाल्याचा टेम्पो आला. त्याने झाकणं उघडली, नाक मुरडलं. "हे काय? मासे साफ केलेत की त्यांच्याशी मारामारी केलीत?" आणि निम्म्याच्या वर माल परत ठेवला. तो परत आलेला माल पुरुषांनी खड्डा खणून पुरला. सुरी खिडकीतून बघत होती. चांगला मासा मातीत जाताना पाहणं तिला लेकराला उपाशी झोपवण्यासारखं वाटलं. दोनदा ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि दोनदा परत फिरली.

दिवस कलल्यावर घुम्या घरात आला. उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरलेला. माशाच्या पाठीवरच्या पराचा काटा नखाखाली शिरून मोडला होता आणि अंगठा टोमॅटोसारखा फुगला होता. सुरीने दिवा जवळ ओढला, सुई तापवली, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"हलू नका."

"हलत नाही."

सुई आत गेली तसा तो कळवळला. बराच वेळ ती टोकरत राहिली. मग काटा निघाला, पाठोपाठ काळं रक्त आलं. तिने हळद दाबली आणि चिंधी बांधली.

"का सांगितलंत तसं?" तिने खाली बघूनच विचारलं.

तिला वाटलं, झालं, आता उद्यावर गेलं. पण तो बोलला. "चेअरमन म्हणाला, घरात दोन कमावते दाखवले तर उत्पन्न डबल लागेल. स्वस्त धान्याचं कार्ड जाईल. मग बंदीत खायचं काय?"

"हे मला सांगायचं होतंत."

"आणि…" तो अंगठ्याच्या चिंधीशी चाळा करू लागला. "चारचौघांत बायको कमावते म्हणायचं… आमच्या बापाने कधी म्हटलं नाही."

"तुमच्या बापाने म्हटलं नाही म्हणून तुमची आई आयुष्यभर बसून होती का?" सुरीने सुई दिव्याशेजारी ठेवली. "कार्ड गेलं तर जाऊ दे. मी दगड फोडायला जाईन, पण खायला घालीन. पण माझ्या समोर, माझे हात मासळीत असताना, मी काही करत नाही असं तुम्ही परक्या पोरीला सांगितलंत. ती पोरगी माझ्याकडे बघत होती. तुम्ही नाही बघितलं."

कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली, "मला नीट ऐकू आलं नाही, पण तिचं बरोबर आहे."

घुम्या उठून बाहेर गेला. ओट्यावर बसून राहिला. तिने त्याचं ताट वाढून बाहेर नेऊन ठेवलं.

फेरमोजणीवर वस्तीच्या सह्या झाल्याशिवाय कागद पुढे जात नव्हता, म्हणून दोन दिवसांनी मोठे साहेब स्वतः आले. संस्थेच्या पत्र्याखाली टेबल टाकलं, पंखा लावला, शेजारी ती मोजणीवाली पोरगी टॅब घेऊन बसली. बायका आल्या आणि मागे न बसता पुढे बसल्या. पुरुषांना मागे भिंतीशी उभं राहावं लागलं.

साहेब माणूस शांत होता. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण कामकरी म्हणून नोंद करायची तर मालकाचं नाव लागतं. मालकाने कबूल करावं लागतं की ही आमच्याकडे काम करते."

"कुणाच्या मालकाचं?" सुरीने विचारलं.

"तुमच्या."

बायकांत हशा पिकला. नवऱ्याला मालक म्हणायची त्या वस्तीत पद्धतच होती. "उठा, मालक, उठा!" मागून कुणीतरी घुम्याला ढोसलं.

घुम्या पुढे आला. अंगठ्याला चिंधी तशीच. चेअरमन त्याच्या कानाशी लागून कार्डाचं काहीतरी पुटपुटला. साहेबाने विचारलं, "बोला, तुम्ही यांचे मालक ना?"

"नाही," घुम्या म्हणाला. "मी मालक नाही."

सुरीने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता उठावं, घरी जावं, गाठोडं बांधावं.

"होडी आम्हा दोघांची," घुम्या पुढे बोलत होता. आवाज घोगरा, पण थांबत नव्हता. "मी मासा काठापर्यंत आणतो. पुढचं सगळं ती करते. ती दोन दिवस थांबली तर माझी मासळी खड्ड्यात गेली, सगळ्यांनी पाहिलंय. मालक नका लिहू. भागीदार लिहा. आणि माझ्या आईलाही लिहा, ती जाळी विणते. त्या दिवशी मी खोटं सांगितलं." मग त्याने चेअरमनकडे वळून म्हटलं, "कार्डाचं बघू काय होतं ते."

इतकं लांब बोलताना त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. सुरीने डोळे उघडले. तो या वेळी होडीकडे नाही, तिच्याकडे बघत होता, आणि घामाने निथळत होता.

"भागीदार असा पर्याय नसेल बहुतेक," साहेब म्हणाला.

"आहे, सर," मोजणीवाली पोरगी पटकन म्हणाली. "खाली आहे. पान सरकवावं लागतं."

तिने पान सरकवलं. पर्याय होता. सुरीच्या नावापुढे लागला, सासूच्या नावापुढे लागला. मग रांगच लागली. कुणी नवरे आपणहून आले, कुणाला बायकोच्या नजरेने आणलं. दार लावून मासे साफ करणारीही उठली आणि नवऱ्याकडे न बघता आपलं नाव सांगून परत बसली. लांबी टेबलापाशी आली. "माझा मालकही नाही आणि भागीदारही नाही. होडी माझी आहे. ते निराधार तेवढं खोडा." पोरीने खोडलं.

बेरीज झाली तसा साहेबाचा चेहरा पडला. "अहो, मागच्या मोजणीत अकरा, आणि आता शंभरावर? एका वर्षात रोजगार दसपट वाढला असं दिसेल! वर विचारतील, तलाव आटला आणि कामकरी वाढले कसे? नाहीतर वाढले म्हणून हारतुरे करतील आणि मला भाषण करावं लागेल."

"वाढले नाहीत," सुरी म्हणाली. "आधीपासून होतेच. आधीचा आकडा चुकला होता असं लिहा."

"चुकला असं लिहायला रकाना नसतो, बाई."

"मग कडेला लिहा," लांबी म्हणाली. "कडेला राहायची आम्हाला सवय आहे."

"आणि व्यापाऱ्याची वजनं?" सुरी थांबली नाही. "तीन काठांची मासळी आमच्या नावावर चढते. ती वेगळी काढा. त्या माशातला एक काटाही आमच्या घरात आला नाही, पण आम्ही श्रीमंत झालो." चेअरमन खाकरला. साहेबाने त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"हे सगळं लिहीत बसलो तर मलाच वर उत्तर द्यावं लागेल."

"द्या की," सुरी म्हणाली. "आम्ही इथे खालीच देतोय कधीपासून. तुम्ही लिहीपर्यंत एकीचीही सही होणार नाही. आम्हाला घाई नाही. आम्ही घरीच असतो."

पंखा फिरत राहिला. बाहेर टोपल्या उन्हात पडल्या होत्या आणि कुणी उठत नव्हतं. साहेबाने घड्याळ पाहिलं, पाणी प्यायलं, परत घड्याळ पाहिलं. मग कागद ओढला आणि समासात, बारीक अक्षरात, पण लिहिलं. मागील नोंद चुकीची होती. सुरीने ते मोजणीवालीकडून मोठ्याने वाचून घेतलं, एकदा स्वतःला ऐकू यावं म्हणून आणि एकदा सासूला ऐकू जावं म्हणून. मग सही केली.

पुढे धान्य आलं. उशिरा आलं, आणि पोत्यांत हिशेबापेक्षा कमी भरलं, त्यासाठी बायकांना आणखी एकदा कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसावं लागलं. सुरीचं कार्डही राहिलं. माशांची गर्दी कमी होऊन माणसांची वाढल्यावर उत्पन्न मर्यादेच्या आत आलं. मोठ्या कचेरीने छापलेल्या पुस्तकात या वस्तीचा नवा आकडा म्हणे रोजगारातली वाढ म्हणूनच गेला. लांबीने ते ऐकलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी परत बसू."

पण ते सगळं नंतरचं. सभेच्या दुसऱ्याच सकाळी वजनवाल्याचा टेम्पो आला तो रिकामाच उभा राहिला. व्यापारी खाली उतरलाच नाही. "माझ्या वजनांवर बोट ठेवणाऱ्यांची मासळी मी उचलत नाही. ठेवा तुमच्याकडेच. बंदीपर्यंत किती दिवस राहिलेत? खा तोपर्यंत." आणि धूळ उडवत निघून गेला.

ओट्यांवर त्या दिवशी बायका भल्या पहाटेपासून बसल्या होत्या. फळ्या परत आडव्या झाल्या होत्या, मासळी निर्मळ साफ होऊन मिठात पडली होती. सुरीने हात पुसले. "शहराच्या बाजारात आपणच नेऊ."

"तिथे कोण ओळखतं आपल्याला?" घुम्या म्हणाला.

"इथे तरी कोण ओळखत होतं?"

टोपल्या रस्त्यापर्यंत वर चढवायच्या होत्या. घुम्याने एक उचलली. सुरीने त्याच्या डोक्यावर चुंबळ नीट बसवून दिली, टोपली किंचित मागे सरकवली आणि म्हणाली, "पायाकडे बघू नका. समोर बघा." अर्ध्या चढावर त्याची मान थरथरू लागली. तो थांबला नाही. मिठाचं पाणी त्याच्या कानामागून सदऱ्यात उतरत होतं. सुरी त्याच्या पुढे चालत होती, डोक्यावर दोन टोपल्या आणि कंबरेवर एक.

रस्त्यावर भाजीचा टेम्पो थांबवला. लांबी, सुरी आणि आणखी चौघीजणींच्या टोपल्या मागे चढल्या. ड्रायव्हरने पुढचं दार उघडलं आणि घुम्याला म्हणाला, "या दादा, पुढे बसा. बायका बसतील मागे."

घुम्याने दाराकडे पाहिलं. मान चोळली. "तिला बसू दे," तो म्हणाला. "बाजारात भाव तिला करायचाय." आणि तो मागे, टोपल्यांमध्ये चढला.

सुरी पुढे बसली. तिच्या हातांना वास येत होता, ड्रायव्हरने काच खाली केली. तिनेही आपल्या बाजूची काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि म्हणाली, "चला, उशीर नको."